जावयाच्या टँकरचं सॅम्पल

पेट्रोल पंपावर नोकरी केली असं सांगितलं, की समोरचा माणूस हसतो. मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात. लग्नाची पंगत असो की दवाखान्याचं बाकडं, हसू तेच. 'म्हणजे मजा असेल तुमची,' असा त्याचा अर्थ. सुरुवातीला मी भांडायचो. स्वभाव मुळात तापट, त्यात दिवसभर डोक्यावर तापलेला पत्रा आणि नाकात डिझेलचा वास. कुणी मापाची शंका काढली, की सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप आणून त्याच्या पुढ्यात आदळायचो. म्हणायचो, "घ्या, तुमच्या हातानं भरा आणि तुमच्या डोळ्यांनी बघा." माप बरोबर खुणेपर्यंत भरलं तरी तो म्हणायचा, "आत्ता बरोबर आहे हो, पण एरवीचं काय?" आता याला काय उत्तर देणार? कपाळ!

मंचरहून घोडेगावकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचा पंप होता. तिथून पुढं डिंभे, तळेघर, भीमाशंकर. नव्वदच्या दशकात मी तिथं मॅनेजर म्हणून लागलो आणि पंपाला टाळं लागेपर्यंत राहिलो. टाळं का लागलं, याची या भागात एकच गोष्ट सांगितली जाते. मालक भेसळ करायचा, पकडला गेला. ती गोष्ट खोटी आहे.

आधी या धंद्याची थोडी ओळख करून देतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं पेट्रोलचा भाव पंपवाला ठरवतो. अहो, पंपवाल्याच्या हातात भावाची पाटी पुसायचं फडकं तेवढं असतं. त्या काळी भाव दिल्लीत ठरायचा आणि आम्हाला संध्याकाळच्या बातम्यांत कळायचा. त्यात आधी तेलाची किंमत, मग केंद्राचा कर, मग राज्याचा विक्रीकर, वर कसला ना कसला अधिभार, मग डेपोपासूनचं भाडं, आणि सगळ्यात शेवटी, पंगतीत उरल्यासुरल्या भातासारखं, पंपवाल्याचं लिटरमागं ठरलेलं कमिशन. भाव वाढला म्हणून कमिशन वाढत नसे. टँकर भरायला भांडवल मात्र जास्त लागायचं. पण शिव्या कुणाला? जो नोझल धरून उभा आहे त्याला.

तळेघरपासून आत, डोंगरातल्या वाडीचा एक म्हातारा भाताच्या गिरणीसाठी डिझेल न्यायला खाली यायचा. डोक्याला मुंडासं, हातात कॅन. दर वेळी भावाच्या पाटीसमोर उभा राहायचा आणि मला विचारायचा, "मॅनेजर, ह्ये सरकार डिझेल पितं का वो?"

"का बाबा?"

"न्हाई, तुमीच म्हनला व्हता, पैशातला लई मोठा वाटा सरकारला जातो. मग डिझेल मी न्यायचं, गिरणी माजी, धूर माज्या नाकात, आन् वाटा त्येला कशाचा?"

मी त्याला करांचं सगळं समजावून सांगायचो. रस्ते, धरणं, शाळा. तो शांतपणे ऐकायचा आणि निघताना म्हणायचा, "आमच्याकडं रस्ता आला की मग सांगा."

बजेटच्या आदल्या संध्याकाळी तर पंपावर जत्रा भरायची. भाव वाढणार अशी आवई उठली, की लोक दुधाच्या किटल्या, हंडे, जे सापडेल ते घेऊन रांगेत. एकानं लग्नातला पाण्याचा पिंपच टेम्पोत घालून आणला होता. आमचे मालक त्याला म्हणाले, "राव, ह्यात पेट्रोल भरलं आन् तुमच्या घरात कुनी बिडी पेटवली, तर भाव वाढलेला बघायला कोन उरंल?" पिंप तसाच परत गेला.

हे मालक म्हणजे तात्या. लष्करात ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन गावी आले आणि राखीव कोट्यातून त्यांना हा पंप मिळाला. बौद्ध समाजातल्या माणसाला हमरस्त्याला पंप मिळाला, ही गोष्ट आमच्या भागात सगळ्यांनाच गोड लागली असं नाही. मी तिथं नोकरी धरली तेव्हा आमच्या भावकीतल्या एका शहाण्यानं विचारलं होतं, "त्यांच्या हाताखाली?" मी म्हणालो, "तुमच्या हाताखाली होतो, तेव्हा तुम्ही पगार वेळेवर दिला होता का?" तो विषय तिथंच मिटला. पण बोलणारे बोलत होतेच, आणि तात्यांना ते सगळं ठाऊक होतं.

म्हणून असेल, तात्या पंप असा चालवायचे की बघत राहावं. रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या देखत मशीनमधून पाच लिटर मापात घ्यायचे, खूण दाखवायचे आणि माल परत टाकीत ओतायचे. ऑफिसातल्या टेबलावर बुद्धाची लहानशी मूर्ती होती, ती रोज सकाळी स्वतः पुसायचे. हवा फुकट, पाणी फुकट. वजनमापे खात्याचे साहेब मशीनला शिशाचं सील मारायला आले, की तात्या म्हणायचे, "साहेब, चहा सील मारल्यावर. आधी न्हाई." सील मारण्याआधी चहा पाजला तर लोक काय म्हणतील, हा त्यांचा हिशेब.

आता रॉकेलचं सांगतो, कारण आमचा घात तिथंच झाला. डिझेल आणि रॉकेल ही एकाच कारखान्यातून निघालेली सख्खी भावंडं. पण रॉकेल गरिबाच्या स्टोव्हसाठी, म्हणून रेशनवर सरकार ते पदरचे पैसे घालून स्वस्त देतं. डिझेलवर मात्र कर बसवतं. दोन्हींच्या भावात एवढी दरी पडली, की स्वस्तातलं महागात मिसळायचा मोह कुणालाही व्हावा. म्हणून सरकारनं रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला. मिसळणाऱ्यांनी रंग उडवायची माती शोधून काढली. गरिबाच्या घरी स्टोव्ह विझलेला आणि त्याच्या वाटणीचं रॉकेल ट्रकच्या टाकीत, असा हा सगळा कारभार.

एकदा पांढऱ्या शुभ्र कपड्यातले एक गृहस्थ जीपमधून आले. बसले, चहा घेतला, मग आवाज खाली आणून म्हणाले, "तात्या, तुम्हाला काही करायचं नाही. आमची गाडी येईल, तुम्ही टाकीचं झाकण तेवढं उघडं ठेवायचं."

तात्या म्हणाले, "चहा झाला न्हवं? मग निघा. आन् जाताना हवा भरून घ्या, तुमच्या गाडीचं मागचं चाक बसलंय. हवा फुकट हाय."

ते गेल्यावर मी हसत होतो. तात्या हसत नव्हते. म्हणाले, "मॅनेजर, दुसरा कुनी चोरी करतो तवा त्यो एकटा चोर ठरतो. मी केली तर लोक म्हनतील, ही मानसंच तसली, यांना कशाला दिले पंप. माज्या मागनं अर्ज करनाऱ्या पोरांच्या वाटंत काटं पसरायचं काम मी करनार न्हाई." हे बोलणं मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

भेसळ पकडायची कशी? त्याची रीत सोपी आहे. रॉकेल डिझेलपेक्षा हलकं असतं. काचेच्या उंच नळकांड्यात डिझेल घ्यायचं, त्यात हायड्रोमीटर नावाची काचेची कांडी सोडायची. ती कुठवर बुडते त्यावरून मालाची घनता कळते. टँकर डेपोतून निघताना त्याची घनता चलनावर लिहिलेली असते. पंपावर टँकर आला, की आधी सील तपासायचं, मग प्रत्येक कप्प्यातून थोडा माल काढून कांडी सोडायची. आकडा जुळला तर टँकर रिकामा करायचा. नाही जुळला तर झाकण बंद, कंपनीला फोन. आणि जुळला तरी थोडा माल अॅल्युमिनियमच्या बाटलीत भरून, ड्रायव्हर आणि पंपवाला दोघांच्या सह्यांनिशी सील करून ठेवायचा. हेच ते सॅम्पल. उद्या पंपावरच्या मालात खोट निघाली, तर 'टँकरमधूनच असा आला' हे सांगणारा साक्षीदार तेवढा एकच. ती बाटली नसेल तर सगळं पंपवाल्याच्या गळ्यात.

आमच्याकडं प्रत्येक टँकरचं सॅम्पल निघायचं. ड्रायव्हर कितीही घाईत असला तरी मी सोडत नसे. ड्रायव्हर लोक मला 'कांडीवाला' म्हणायचे.

तात्यांना एकच मुलगी, सुमन. आई लवकर गेली, तात्यांनीच वाढवलेली. शाळा सुटली की पंपावर यायची आणि माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर अभ्यास करायची. बापासारखीच सरळ आणि बापाहून कडक. एकदा दुकानदारानं सुट्टे पैसे जास्त दिले म्हणून भर उन्हात घोडेगावपर्यंत परत गेली होती. पुढं तिचं लग्न नारायणगावजवळच्या गावात झालं. जावई अशोक. दिसायला चांगला, बोलायला गोड, पण नोकरीचा पत्ता नाही. ट्रक चालवता यायचा. तात्यांनी एका वाहतूकदाराकडं शब्द टाकला आणि अशोक टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागला. आणि फिरून फिरून तो टँकर कधीतरी आमच्याकडं येणार, हे ठरलेलंच होतं.

पहिल्यांदा आला तो दिवस मला लख्ख आठवतो. तात्यांनी इस्त्रीचा सदरा घातलेला. टँकर वळून आत आला, जावई खाली उतरला, तात्यांनी स्वतः तांब्या-भांडं पुढं केलं. "या पावणं, या." मी सवयीप्रमाणं नळकांडं आणि कांडी घेऊन टँकरकडं निघालो. तात्यांनी मला हातानं थांबवलं.

"मॅनेजर, ऱ्हाऊ द्या."

"काय राहू दे?"

"कांडी. आज नगं."

मी त्यांना बाजूला घेतलं. "तात्या, टँकर कंपनीचा आहे, जावयाचा नाही. नियम सगळ्यांना सारखा."

"त्ये मला कळतंय वो. पन जावई पहिल्यांदा दारात आलाय. त्याच्या हातात पान्याचं भांडं, आन् आपुन त्याच्या देखत कांडी सोडून बघायचं का, चोर हाय का साव? पोरगी त्या घरात नांदतीय. ऱ्हाऊ द्या."

मी कांडी परत नेऊन ठेवली. वाटलं, पहिली वेळ आहे. पण जावयाची पहिली वेळ आपल्याकडं कधी संपते का? दुसऱ्या वेळी कांडी काढली असती तर 'मागं नाही काढली, आज का?' असं झालं असतं. मग ती रीतच पडली. इतर सगळ्या टँकरचं सॅम्पल, अशोकच्या टँकरचं नाही. तो यायचा, तात्यांच्या घरी जेवायचा, मी टँकर रिकामा करून घ्यायचो आणि तात्या 'माल तपासून घेतला' म्हणून सही करायचे. मी अधूनमधून कुरकुर करायचो. एकदा त्याच्या खेपेनंतर सकाळी टाकीतल्या मालाची घनता जराशी घसरलेली दिसली. नियमाच्या आत होती, पण घसरलेली. मी तात्यांना दाखवली. ते म्हणाले, "उन्हाचं दिस हायेत." उन्हाचा हिशेब धरूनच आकडा काढतात हे त्यांनाही माहीत होतं.

आणि मग तो दिवस आला. आधीचे काही दिवस पुरवठ्याची ओढाताण होती, आमची डिझेलची टाकी जवळजवळ तळाला गेलेली. सकाळी अशोकचा टँकर आला. मला हायसं वाटलं. टँकर रिकामा झाला, अशोक जेवून गेला, विक्री सुरू झाली. बाजाराला निघालेल्या टोमॅटोच्या पिकअप रांगेत होत्या. दुपारी तपासणीची फिरती गाडी दारात. कंपनीचे साहेब आणि बरोबर सरकारी माणसं. असे ते अधूनमधून यायचे, आम्हाला कधी भीती वाटली नव्हती. तात्यांनी खुर्च्या टाकल्या.

साहेबांनी डिझेलमध्ये कांडी सोडली. वाकून पाहिलं. परत पुसून सोडली. मग मला म्हणाले, "तुमची कांडी आणा." मी आणली. तिनंही तेच सांगितलं. माल हलका होता. थोडाथोडका नव्हे, मला लांबून दिसावा एवढा. टाकीत जुना माल असता तर त्यात मिसळून लपला असता. त्या दिवशी लपायला जागाच नव्हती.

"टँकरचं सॅम्पल?" साहेबांनी विचारलं.

मी तात्यांकडं पाहिलं. तात्या जमिनीकडं बघत होते. नोझलला सील लागलं. रांगेतल्या गाड्या एकेक करून वळल्या. एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "म्हणून रोज सकाळी मापाचं नाटक करता काय?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. तात्यांनी माझा दंड धरून ठेवला.

दोन दिवसांनी भर दुपारी अशोक आला. पंप बंद, ओसाड. तात्या टाकीच्या कट्ट्यावर बसले होते, मी शेजारी. तो आला तो थेट तात्यांच्या पायावर पडला आणि सगळं ओकून टाकलं. वाटेवरच्या एका ढाब्यामागं टँकर थांबवायचा, झाकणाचं सील शाबूत ठेवून माल काढणारी माणसं तिथं होती. डिझेल काढायचं, तेवढंच रॉकेल भरायचं. याआधीही दोन-तीनदा केलं होतं. मी विचारलं, "आमच्याच पंपाला का रे?" त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "बाकीकडं सॅम्पल घेत्यात."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या माणसानं याची इभ्रत राखायला कांडी बाजूला ठेवली, त्याच्याच दारात यानं घाण ओतली, आणि का, तर तिथं कुणी विचारणार नाही म्हणून! मी त्याची गचांडी धरली. "चल कंपनीत. जे इथं बोललास ते तिथं बोल."

तात्या म्हणाले, "सोडा त्याला."

"तात्या!"

"सोडा म्हनतो ना. पावणं, घरी जा. सुमनला काय बोलू नगा."

तो गेला. मग आमचं भांडण झालं, आयुष्यातलं एकच. मी म्हणालो, कंपनीला खरं सांगा. सॅम्पल घेतलं नाही हे कबूल करा. निष्काळजीपणा ठरेल, पंप काही महिने बंद राहील, दंड होईल, पण पंप वाचेल. चौकशी टँकरची होईल.

"आन् अशोक आत जाईल," तात्या म्हणाले.

"जाऊ दे की! केलंय त्यानं."

"मॅनेजर, सुमनच्या कडेवर एक आन् पोटात एक हाय. अशोक आत गेला तर तिच्या सासरी कोन ऱ्हानार? म्हातारी सासू. आन् अशोकनं काय केलं त्ये तिला कळलं तर ती त्याच्याजवळ ऱ्हायची न्हाई. मी तिला वळखतो. लेकरं घिऊन माज्या दारात यील. मी किती दिस पुरनार तिला?"

"आणि तुमचं नाव? तुमच्या मागनं अर्ज करणारी पोरं? त्यांच्या वाटेतले काटे?"

हे मी बोलायला नको होतं असं आज वाटतं, पण बोललो. तात्यांचा चेहरा पडला. ते एवढंच म्हणाले, "त्येच तर गिळवत न्हाई."

पुण्याला सुनावणी झाली. मी बरोबर होतो. मोठी खोली, वर पंखा, टेबलामागं कंपनीचे वरिष्ठ साहेब. साहेब वाईट नव्हते. त्यांना तात्यांचा इतक्या वर्षांचा कारभार माहीत होता. ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "तात्या, घाई करू नका, नीट आठवून सांगा. त्या सकाळी टँकर रिकामा करण्याआधी माल तपासला होता का? नसेल तपासला तर तसं सांगा. कधी कधी राहून जातं माणसाकडून. मग आम्ही टँकरवाल्याला बोलावतो."

दार उघडं होतं. एक 'नाही' म्हणायचं होतं. तात्या लष्करी पद्धतीनं ताठ उभे राहिले. जावयाच्या टँकरवरच्या त्या सह्या सोडल्या, तर ज्या माणसानं आयुष्यात खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं, तो म्हणाला, "तपासला व्हता साहेब. टँकरचा माल चांगला व्हता."

"मग भेसळ कुठं झाली?"

"माज्या टाकीत."

"म्हणजे तुम्ही केली?"

"व्हय."

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. माझ्याकडं पाहिलं. तात्यांनी आदल्या दिवशी मला सुमनची शपथ घातली होती. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर काय होतं ते आठवत नाही, डोळ्यांत पाणी होतं.

पंप गेला. गुन्हा दाखल झाला, कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. आणि आमच्या भागात जे बोललं जाईल असं तात्यांना भय होतं, ते अक्षरशः तसंच बोललं गेलं. चावडीवर, सलूनमध्ये, एस.टी. स्टँडवर. 'आम्ही म्हणतच होतो' म्हणणाऱ्यांना ऊत आला. माझ्या भावकीतला तो शहाणा मुद्दाम घरी आला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तात्यांच्या समाजातली शिकलेली पोरं, जी त्यांच्याकडं सल्ला मागायला यायची, ती त्यांना रस्त्यात बघून बाजूला व्हायला लागली. हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. एकदा म्हणाले, "त्यांचं बरोबर हाय. मी बी तसंच केलं असतं."

सुमन एकदाच आली. पोट पुढं आलेलं, उन्हानं लाल झालेली. दारातच उभी राहिली. "तात्या, लोक म्हणतात ते खरं आहे का?"

तात्या म्हणाले, "व्हय."

"तुम्ही मला शिकवलं, आणि तुम्हीच?" पाणीसुद्धा न घेता ती वळली. जावई तिला न्यायला आला होता, रस्त्यापलीकडं मोटारसायकलवर बसून होता. तो आत आला नाही. त्यानंतर तिनं माहेराचं नाव टाकलं. दुसरा मुलगा झाला, तेव्हाही बापाला निरोप नाही. मला गावातून कळलं, मी तात्यांना सांगितलं. त्यांनी मला पेढे आणायला पाठवलं आणि आम्ही दोघांनीच खाल्ले.

मी नंतर जुन्नरला दुसऱ्या पंपावर लागलो. तोवर सरकारनं भाव ठरवायची जुनी पद्धत बदलली, नव्या मशिनी आल्या, माल ओळखायच्या नव्या तऱ्हा आल्या. माझी जुनी कांडी मात्र मी सोडली नाही. तिथंही एका ड्रायव्हरचा मेव्हणा मालकाचा दोस्त होता. त्या ड्रायव्हरनं मला 'आज राहू द्या' म्हटलं, तेव्हा मी एवढा ओरडलो की रांगेतली माणसं गाड्यांतून खाली उतरली. सवड मिळेल तेव्हा तात्यांकडं जायचो. ते थकत चालले होते. कोर्टाचा निकाल लागायच्या आधीच एका सकाळी गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी होतो. सुमन आली होती, मागं बसली होती. माणसं तात्यांबद्दल चांगलं बोलली, लष्करातलं बोलली, पंपाचं नाव टाळून बोलली. एकजण मात्र भाषणाच्या ओघात म्हणून गेला, "चूक कुणाच्याही हातून होते, आपण त्यांना माफ केलं पाहिजे." मी उठून बाहेर गेलो. बाहेर अशोक भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडत होता. मला त्याची कीव येईना. पण घरी गेल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं, एवढं मात्र त्याच्या नावावर मांडतो.

काही दिवसांनी सुमन माझ्याकडं आली. एकटीच. मोठा मुलगा आता कॉलेजला जायच्या वयाचा. केसांत पांढरं दिसायला लागलेलं. ओटीवर बसली आणि म्हणाली, "काका, खरं आहे ना?" मी मान हलवली. ती म्हणाली, "तुम्ही हे लिहा. नावं बदला, पण लिहा. माझ्या बापाला कुणी माफ करायची गरज नाही." तिच्याच शब्दाखातर हे लिहिलंय, नावं बदलून.

मग तिनं जे विचारायचं होतं ते विचारलं. "मी बोलत नव्हते, तेव्हा काही म्हणायचे का माझ्याबद्दल?"

"म्हणायचे की. तू रागावून गेलीस त्या दिवशीच म्हणाले. 'पोरीला चोरी खपत न्हाई, मॅनेजर. बापाची असली तरी खपत न्हाई.' आणि सुमन, खोटं कशाला सांगू, तोंडावर आनंद होता त्यांच्या. रडत होते आणि आनंदही होता."

ती पदराचं टोक पिळत म्हणाली,

"मला का नाही सांगितलं त्यांनी? एकदा तरी सांगायचं."

"सांगितलं असतं, तर तू त्या घरात राहिली असतीस?"

"नसते राहिले. एक दिवस नसते राहिले."

"ते त्यांना माहीत होतं."

तिनं पाणी मागितलं. प्यायली, भांडं विसळून पालथं ठेवलं. संध्याकाळच्या एस.टी.ला मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. नारायणगावची गाडी लागली. मुलं घरी वाट बघत होती, आणि त्यांचा बापही. ती गाडीत चढली आणि त्याच घरी परत गेली.